एकाच ठाणाच्या चिंध्या

मे महिन्यात आठवडाभर पुण्याला बहिणीकडे होते. भाची नुकतीच बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिच्या टेबलावर फिलिप पुलमनच्या तीन कादंबऱ्या एकावर एक रचलेल्या, शेजारी गेल्या वर्षीच्या पुरुषोत्तम करंडकातल्या एकांकिकेची चुरगळलेली संहिता आणि लॅपटॉपवर ब्रिटिश संसदेतल्या प्रश्नोत्तरांचं जुनं चित्रीकरण. मेहुणे दारात थांबले, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." सूर काळजीचा होता. तिला लंडनला एम.ए. करायचं आहे, आणि एवढा पैसा घालायचा तर मुलीने कुठल्यातरी एका विषयात मुरावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा गप्प बसले. पण विद्यार्थी म्हणून त्या शहरात राहून आले आहे, आणि तिथे जे पाहिलं, वाचलं, त्यातून माझी खात्री झाली आहे की ब्रिटनमध्ये राजकारण, रंगभूमी आणि अद्भुतकथा यांची घरं एकमेकांना लागून आहेत. मधल्या भिंतीला दारंही आहेत. भाचीच्या टेबलावरच्या चिंध्या एकाच ठाणाच्या आहेत. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या मुलामुलींसाठी हा आढावा.

सुरुवात एका रात्रीपासून करते. २८ मार्च १९७९. पंतप्रधान जेम्स कॅलहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवर अविश्वास ठराव आला होता. सरकारकडे बहुमत नव्हतं, एकेक मत मोजून चाललं होतं. त्यांचे एक खासदार, सर आल्फ्रेड ब्रॉटन, घरी मरणाच्या दारात होते. रुग्णवाहिकेतून त्यांना आणावं का, यावर खल झाला आणि आणायचं नाही असं ठरलं. सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडलं. ब्रॉटन त्यानंतर काही दिवसांतच वारले. मेच्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर आल्या आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

या घटनेवर जेम्स ग्रॅहम या नाटककाराने 'धिस हाउस' हे नाटक लिहिलं. २०१२ मध्ये नॅशनल थिएटरच्या सर्वांत छोट्या नाट्यगृहात, कॉटस्लोमध्ये, ते आलं. सकाळी रांगेत उभं राहून मिळालेल्या स्वस्त तिकिटावर मी ते पाहिलं. प्रेक्षकांना बसायला संसदेतल्यासारखी हिरवी बाकं होती. नाटकात पंतप्रधान नाही, विरोधी पक्षनेत्या नाहीत. आहेत ते दोन्ही पक्षांचे प्रतोद, म्हणजे मतं गोळा करणारी, दटावणारी, गोंजारणारी माणसं. नाटकाचा कळस या प्रतोदांमध्येच घडतो. मजूर पक्षाचे वॉल्टर हॅरिसन हे विरोधी पक्षाच्या बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे जातात आणि ब्रॉटन येऊ शकत नाहीत, तेव्हा तुमचाही एक माणूस बाहेर ठेवा, असं मागतात. अविश्वास ठरावाला अशी सवलत लागू नसते. पण वेदरिल म्हणतात, पूर्वी शब्द दिला होता, मी स्वतःच मत देत नाही. त्या एका न दिलेल्या मताने त्यांची राजकीय कारकीर्द संपली असती. हॅरिसन ते ओळखतात आणि त्यांना शब्दातून मोकळं करतात. सरकार पडतं. हे घडलेलं आहे, रचलेलं नाही. त्या संध्याकाळी नाट्यगृहात जी शांतता पसरली, ती मी नंतर फार थोड्या प्रयोगांत अनुभवली.

वेदरिल यांच्याबद्दल जाता जाता सांगते. ते शिंप्याच्या घराण्यातले, आणि मूळ विसरू नये म्हणून खिशात अंगुस्तान बाळगत. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात सैन्यात होते. बंगालचा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यानंतर जन्मभर मांसाहार केला नाही. पुढे हेच गृहस्थ सभापती झाले.

आता कॅलहन यांच्याकडे परत येऊ, कारण अद्भुतकथेचं दार इथे उघडतं. 'पीटर पॅन' आपल्याला पुस्तक म्हणून, चित्रपट म्हणून माहीत असतं. मुळात ते नाटक. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. कादंबरी १९११ मध्ये आली. टिंकर बेल ही परी मरायला टेकते आणि पीटर थेट प्रेक्षकांकडे वळून विचारतो, परी असते यावर तुमचा विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. मोठी माणसं टाळ्या वाजवणार नाहीत या धास्तीने लेखक जे. एम. बॅरी यांनी वाद्यवृंदाला सांगून ठेवलं होतं की तुम्ही सुरुवात करा. पहिल्याच रात्री टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पीटरचं काम करणाऱ्या नीना बूसिकॉ यांना रडू कोसळलं.

बॅरी यांनी १९२९ मध्ये या नाटकाचे सगळे हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. ते १९३७ मध्ये वारले, तेव्हा पन्नास वर्षांच्या नियमाप्रमाणे १९८७ अखेर हक्क संपले आणि रुग्णालयाचं उत्पन्न बंद होण्याची वेळ आली. त्या वेळी लॉर्ड्सच्या सभागृहात एक वयस्कर सदस्य उभे राहिले आणि त्यांनी कॉपीराइटच्या नव्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली: या एका कृतीचं मानधन ब्रिटनमध्ये रुग्णालयाला कायम मिळत राहावं. ते सदस्य म्हणजे एका मताने पडलेले जेम्स कॅलहन. त्यांच्या पत्नी ऑड्री यांनी त्या रुग्णालयासाठी अनेक वर्षं काम केलं होतं. दुरुस्ती मान्य झाली आणि १९८८ च्या कायद्यात बसली. कधीच मोठा न होणाऱ्या मुलाच्या नाटकाला संसदेने मुदत नसलेला हक्क दिला. कुठलाही पंतप्रधान सत्तेवर असताना जे करतो त्याहून हे काम मला मोलाचं वाटतं.

बॅरी यांचं नातं संसदेशी आणखी एका कारणाने आहे. १७३७ मध्ये पंतप्रधान वॉल्पोल यांनी, हेन्री फील्डिंगसारख्यांच्या बोचऱ्या प्रहसनांना कंटाळून, नाटकांवर परवान्याचा कायदा आणला. प्रयोगाआधी संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत द्यायची आणि तिथली निळी पेन्सिल जे खोडेल ते गाळायचं. फील्डिंग नाटक सोडून कादंबरीकडे वळले. १९०७ मध्ये एकाहत्तर लेखकांनी या सेन्सॉरविरुद्ध 'टाइम्स'मध्ये पत्र छापलं. सही करणाऱ्यांत बर्नार्ड शॉ होते आणि बॅरीही होते.

याच १९०७ साली आपल्याकडे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. सैरंध्रीत हिंदभूमी आणि कीचकात लॉर्ड कर्झन प्रेक्षकांना लख्ख दिसले, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. हाताशी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होताच. लंडनमध्ये ज्या अधिकारासाठी लेखक अर्ज करत होते, तोच पुण्या-मुंबईत नाकारला जात होता, आणि नाकारणारी सत्ता एकच होती. भाचीला ब्रिटनची ओढ आहे ती असावी, पण ही गोष्ट तिने सोबत न्यावी. ब्रिटनमधली संहिता-तपासणी १९६८ च्या कायद्याने संपली. कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'हेअर' हे संगीतक लंडनमध्ये उघडलं. महाराष्ट्रात मात्र नाटकाची संहिता अजूनही परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. हे आपल्याला शोभत नाही.

परवान्याचा विषय निघाला की कवी मिल्टन आठवतो आणि मिल्टनवरून भाचीच्या टेबलावरचे पुलमन. मिल्टनने १६४४ मध्ये पुस्तकांच्या परवानापद्धतीविरुद्ध जे निबंधवजा भाषण लिहिलं ते संसदेला उद्देशून होतं. पुढे तो प्रजासत्ताकाच्या सरकारात परभाषांचा चिटणीस झाला, आंधळा झाला, राजेशाही परतल्यावर काही काळ कैदेत गेला आणि १६६७ मध्ये 'पॅराडाइज लॉस्ट' प्रसिद्ध केलं. पुलमन यांच्या त्रिखंडाचं नाव त्याच काव्यातून उचललेलं आहे. त्या कादंबऱ्यांतल्या नायिकेच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या शेजारी चालतो, आणि माणसाला काय ठाऊक असावं हे ठरवणारी एक धर्मसत्ता आहे. मिल्टनचंच भांडण, साडेतीनशे वर्षांनी, मुलांसाठी पुन्हा मांडलेलं. २००३ च्या डिसेंबरात नॅशनल थिएटरने दोन भागांत, एकूण सहा तासांच्या आसपास, हे सगळं रंगमंचावर आणलं. प्राण्यांच्या जागी कठपुतळ्या होत्या. त्यानंतर कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स त्याच नाट्यगृहात पुलमन यांच्याशी जाहीर चर्चेला बसले. धर्मपीठाच्या प्रमुखाने धर्मपीठावर टीका करणाऱ्या नाटकाच्या मंचावर जाऊन शांतपणे बोलावं, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

ऑक्सफर्डच्या टोल्किन आणि लुइस यांच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आवरते. एक सोम्मच्या लढाईतून आलेला, दुसऱ्याची नार्निया सुरू होते ती हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेल्या चार मुलांपासून. लेखिका डायना विन जोन्स लहानपणी अशीच शहराबाहेर पाठवली गेली होती, आणि नंतर ऑक्सफर्डला या दोघांची व्याख्यानं ऐकायला बसली. मला ती दोघांहून अधिक आवडते.

पण ज्या लेखिकेवर थांबावं असं वाटतं ती ई. नेस्बिट. १८८४ मध्ये लंडनमध्ये फेबियन सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ही होती. समाजवादावर एवढी निष्ठा की मुलाचं नाव फेबियन ठेवलं. १९०६ मध्ये तिचं ताइताच्या गोष्टीचं पुस्तक आलं. चार भावंडं एका प्राचीन ताइताच्या अर्ध्या तुकड्याच्या जोरावर काळात मागेपुढे जातात. बॅबिलोनची राणी एकदा त्यांच्या लंडनमध्ये येते, रस्त्यावरचे खंगलेले मजूर पाहते आणि म्हणते, तुमच्या गुलामांची ही काय दशा, सांभाळा, नाहीतर ते बंड करतील. मुलं सांगतात की ते गुलाम नाहीत, कामकरी आहेत, त्यांना मताचा हक्क आहे. मत म्हणजे काय, ताईत आहे का, त्याचं ते करतात काय, असा तिचा पुढचा प्रश्न. मुलांना धड उत्तर देता येत नाही. मुलांच्या पुस्तकात, परीकथेच्या मध्यावर, १९०६ साली हा प्रश्न ठेवलेला आहे. खुद्द नेस्बिटला तेव्हा संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं, कारण ब्रिटनमध्ये कुठल्याच बाईला ते नव्हतं. आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीपासून ती दूर राहिली, हे मला आजही खटकतं.

याच फेबियन मंडळींनी, सिडनी आणि बिअॅट्रिस वेब, शॉ आणि ग्रॅहम वॉलस यांनी, १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स काढलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे १९१६ मध्ये दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परत आले, आणि पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली, रुपयाच्या प्रश्नावरच्या त्या प्रबंधात त्यांनी केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या मताला विरोध केला आहे. ज्या किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरात ते राहिले ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. परीकथेत विचारलेला मताचा प्रश्न आणि प्रत्येक प्रौढ भारतीयाला पहिल्याच दिवशी मत देणारी राज्यघटना यांच्यामध्ये लंडनचा हा एक रस्ता आहे, असं मला त्या घरासमोर उभी असताना वाटलं.

संसदेत आपला माणूस त्याआधीच पोचला होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडणार नाही असं पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी बोलून चुकले होते. हाउस ऑफ कॉमन्सचं जे सभागृह आज पाहायला मिळतं ते मूळचं नाही. १९४१ च्या बाँबहल्ल्यात जळाल्यावर १९५० मध्ये नव्याने उघडलं. चर्चिल यांनी आग्रह धरला की ते पूर्वीइतकंच लहान आणि समोरासमोर बाकांचं असावं. म्हणून आज ६५० सदस्यांना ४२७ जागा आहेत, आणि महत्त्वाच्या दिवशी खासदार पायऱ्यांवर दाटीने बसतात. नाटकवाल्याला यातलं मर्म लगेच कळतं: लहान नाट्यगृहात कुजबुजही पोचते, आणि भरलेलं दिसायला माणसं कमी लागतात.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. प्रवेश मिळाला आहे, मेहुण्यांनी होकार दिला आहे. "मावशी, पहिल्यांदा काय करू?" तिने विचारलं. मी म्हटलं, ग्लोबला उभ्याने नाटक बघ. तिथे सातशे लोक उभे राहून बघतात आणि ती जागा सर्वांत स्वस्त असते. एखाद्या दुपारी संसदेच्या गॅलरीत जा, चर्चा ऐकायला तिकीट नाही. आणि त्याही आधी, राहण्याचा पत्ता पक्का झाला की मतदार यादीत नाव नोंदव. राष्ट्रकुलातल्या देशाचा, रीतसर व्हिसावर तिथे राहणारा अठरा वर्षांवरचा विद्यार्थी ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो. आपल्या किती तरी मुलांना हे ठाऊकच नसतं. तुमच्या घरातलं कुणी या वर्षी तिकडे शिकायला गेलं असेल, तर फराळाच्या डब्यासोबत हेही त्याला नक्की कळवा.