लग्नाच्या दोन टोकांना अडकलेले

जिल्ह्याचं मन : लेखांक ७

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला होता. डोक्याला बाशिंग, अंगावर नवरदेवाचा पोशाख, काही जण घोड्यावर, सोबत वाजंत्री. लग्नाळू तरुणांची ही वरात जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली आणि ‘लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा’ असं निवेदन देऊन आली. चॅनेलवाल्यांनी ती बातमी गमतीची म्हणून दाखवली आणि मोबाइलवर लोकांनी हसून घेतलं. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कुणी मात्र हसण्याचं कारण नव्हतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८६३. त्या वेळची ती पोरं आता मिसरूड फुटून लग्नाच्या वयाला येऊन ठेपली आहेत. ज्यांची वयं आधीच उलटली, ते पस्तिशीचे ‘दादा’ आज रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या कोणत्याही गावात दिसतात. पाच एकर शेती, सोयाबीनचा बेभरवशी भाव, आणि मुलीकडच्यांचा एकच सवाल: ‘पोरगा नोकरीले हाये का?’

हा दादा कुठे अडकला आहे, हे तो सहसा सांगत नाही. मनाची तक्रार तो शरीराच्या दाराने घेऊन येतो. अंग दुखतं, पित्त होतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही. दवाखान्यात येऊन तो म्हणतो, “काई नाई डॉक्टर, अशक्तपना वाटून राह्यला. एक सलाइन लावून द्या.” सलाइन लागते, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. बाई रडली तर शेजारीण तरी विचारते. पुरुष रडला तर घरचेच गोंधळतात, म्हणून तो रडतच नाही. चिडतो, पितो किंवा गप्प होतो. गप्प बसण्याची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत पुरुष १,२२,७२४, म्हणजे दर दहांत सात. राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६.

सरकारने काही केलं नाही, असं म्हणता येणार नाही. २०१५ साली आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, त्यात वाशिम आहे. आशाताईंनी शेतकरी कुटुंबांपर्यंत जायचं, तणावाची लक्षणं विचारायची, गरज दिसली तर माणसाला जिल्हा रुग्णालयातल्या पथकाकडे पाठवायचं, शिवाय १०४ क्रमांकावर समुपदेशन, अशी ही रचना. रचना चांगली आहे. मला खटकतं ते तिच्या मनातलं माणसाचं चित्र. या चित्रातला पुरुष शेतकरी असतो, नवरा असतो, बाप असतो, आणि त्याचं दुःख कर्जाचं असतं. पहिला प्रश्न कर्जाचा आणि दुसरा पिकाचा. ज्याचं दुःख या दोन प्रश्नांत बसत नाही त्याच्यापर्यंत आपण पोचत नाही, आणि तोही बिचारा ‘कर्जच हाये थोडंसं’ म्हणून मोकळा होतो.

आता कारंज्यातला एक तरुण डोळ्यांपुढे आणा. खरा कुणी नाही, कल्पनेतलाच. वय सव्वीस, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पगार बरा, दिसायला नीटस, म्हणून मागण्या येताहेत. आई रोज एक बायोडेटा पुढे ठेवते. याला मुलींबद्दल ओढ नाही, कधीच नव्हती. शाळेपासून त्याला मुलगेच आवडत आले. हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. फोनमध्ये डेटिंगचं एक अॅप आहे, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. समोरचा माणूस किती अंतरावर आहे ते अॅप दाखवतं. पुण्या-मुंबईत ‘दोन किलोमीटर’ वाचून माणूस खूश होईल. कारंज्यात ‘दोन किलोमीटर’ म्हणजे कुणाचा तरी मावसभाऊ. भेटायला बोलावून, फोटो काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या बातम्याही त्याने वाचल्या आहेत. तो अॅप काढून टाकतो, आठवड्याने पुन्हा घेतो.

एकाला नवरी मिळत नाही, दुसऱ्यासाठी नवरी शोधणं थांबत नाही. दोघेही लग्नाशीच अडकलेत, पण दोन टोकांना. गाव दोघांना औषध मात्र एकच देतं: ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल.’ पहिल्याच्या जखमेवर हे मीठ. दुसऱ्याच्या बाबतीत तर या सल्ल्याने तिसरं माणूस बुडतं, ती न विचारता बांधली गेलेली मुलगी. तिच्या बाजूने आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

समुपदेशन माणसागणिक वेगळं हवं, ते म्हणूनच. त्यासाठी गावोगाव मनोविकारतज्ज्ञ लागतात असंही नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी उदासीनतेच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक उदासीनतेतून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये ३९ टक्के. दारू जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठीही त्याच धर्तीवर वेगळा कार्यक्रम झाला. त्याआधी याच मंडळींनी आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालवला होता. तिथे उदासीनता असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. वऱ्हाडातला पुरुष बोलत नाही हे खरं, पण त्याला बोलतं करता येतं हेही सिद्ध झालं.

अशा बैठकीत नेमकं काय होतं? पस्तिशीच्या दादाचंच उदाहरण घेऊ. समुपदेशक ‘सकारात्मक विचार करा’ असं म्हणत नाही. तो कालचा दिवस विचारतो.

“उठलात कधी?”

“नऊले. मंग पडूनच होतो.”

“नंतर?”

“टपरीवर गेलो. तिथं लग्नाच्याच गोष्टी चालल्या होत्या, तं वापस आलो.”

एका कागदावर तासवार नोंद होते, आणि त्या त्या वेळी मन कसं होतं त्याला दहापैकी गुण. आठवडाभर दादा ही वही भरतो. बहुतेक ठिकाणी दोन, तीन. मंगळवारी संध्याकाळी मात्र सहा. काय केलं होतं? शेजाऱ्याची पाण्याची मोटर बंद पडली होती, ती खोलून दुरुस्त करून दिली. दादाला स्वतःला हे आठवतही नव्हतं. पुढच्या आठवड्याचं काम इथून निघतं: अशी एक गोष्ट ठरवून करायची, दिवस-वेळ लिहून. मन लागलं की काम करू असं म्हणून दादा वर्षभर पडून राहिला होता. इथे क्रम उलटा, आधी काम, मग मन. लग्नाचा प्रश्न याने सुटत नाही आणि समुपदेशकाने तसं आश्वासनही देऊ नये. पण लग्न झालं नाही म्हणजे आपण फुकट गेलो, ही गाठ सैल होते आणि झोप परत येते.

हीच वही कारंज्याच्या तरुणापुढे ठेवली तर? ‘घरात बसू नका, नातेवाइकांत मिसळा, लग्नाकार्याला जा’ हा दादाला एक वेळ चालणारा गृहपाठ त्याला थेट वाघाच्या तोंडी देईल. प्रत्येक मांडवात त्याला एकच प्रश्न विचारला जाणार. त्याच्याबरोबर आधी दुसराच हिशोब मांडावा लागतो. घरात कळलं तर काय होईल? हाताशी चार महिने पुरतील एवढे पैसे आहेत का? एक तरी माणूस असं आहे का, ज्याला सांगितलं तर बाहेर जाणार नाही? ‘तू घरच्यांना सांगून टाक’ हा शहरी सल्ला इथे घातक ठरू शकतो. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे त्यानेच ठरवायचं. सल्लागाराने घाई करायची नाही. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी क्विअर (समलिंगी, पारलिंगी अशा) व्यक्तींसोबत कसं काम करावं याचा अभ्यासक्रमच चालवला आहे. त्यामागची भूमिका अशी की, माणसाच्या असण्यात दोष नाही, त्रास भोवतालच्या वागण्यातून येतो. बैठकीत काम करायचं ते या त्रासावर.

अडकलेली व्यक्ती मुलगी असेल तर तिला स्वतंत्र फोन नसतो आणि एकटीने तालुक्याला जाण्याचं कारणही नसतं. पारलिंगी व्यक्ती असेल तर अर्धं समुपदेशन कागदपत्रांचंच होतं: २०१९ च्या कायद्यानुसार ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, आणि त्या अर्जापासून बँकेतल्या नावापर्यंत सोबत करणारं माणूस लागतं.

नावनिशी न सांगता अडलेलं विचारायची सोय मराठी माणसाला नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, त्यात वाचक खासगी प्रश्न पाठवत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या अशाच उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, त्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांनी पुरुषांसाठी चालवलेली संस्था उभी राहिली, १९९४ मध्ये समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट, २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट. नागपुरात सारथी ट्रस्ट हेच काम करतो. नकाशावर यांतलं आपल्याला सगळ्यांत जवळचं नागपूर, आणि तिथे जायचं म्हणजे घरी काहीतरी कारण सांगायला हवं.

खरी अडचण तीच आहे. वाशिमच्या रुग्णालयात केसपेपर काढणारा ओळखीचा निघतो, रांगेत सोयरे भेटतात. कायदा रुग्णाच्या बाजूचा आहे. २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतो, आणि एखादी व्यक्ती समाजाच्या नीतिकल्पनांत बसत नाही म्हणून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही असंही सांगतो. समलिंगी संबंध सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. ‘पोराला सरळ करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तो व्यावसायिक गैरवर्तन करतो आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. भगताला आयोग लागू नाही, पण अंगावर चटके आणि मारहाण यांना महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आणि साधी पोलीस तक्रार दोन्ही लागू आहेत.

रुग्णालयात सोयरे भेटतात म्हणून सध्या फोन हाच बरा मार्ग. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे: क्रमांक १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरात बोलता येत नसेल तर शेतात जाऊन लावा. पहिला माणूस पटला नाही तर पुन्हा लावा. एका फोनवर निकाल देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका.

आणि आशाताई, शिक्षक, गावातले डॉक्टर यांना एक विनंती. समोरचा पुरुष गप्प बसला तर लगेच कर्जाचा आकडा विचारू नका, ‘लग्नाचं काय?’ हे तर अजिबात नको. कालचा दिवस कसा गेला एवढं विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा.

(पुढील आठवड्यात : दारू सोडवण्याची जाहिरात करणाऱ्या बाबांकडे जाण्याआधी)