सायकलस्वाराचा पोशाख आणि लोकलज्जा

पुण्याहून किंवा नाशिकहून बाहेर जाणाऱ्या एखाद्या हमरस्त्यावर पहाटे उभे राहिले, तर एका निराळ्याच वेषातील माणसे सायकलीवरून जाताना दिसतात. गुडघ्याच्या वर संपणारी, मांड्यांस घट्ट बसणारी काळी विजार. अंगाबरोबर बसणारा भडक रंगाचा सदरा, त्यास पाठीमागे कमरेपाशी खिसे. आणि डोक्यावर हेल्मेट. यांत तरुण असतात, तसे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही असतात, आणि अलीकडे स्त्रियाही असतात. पण हाच पोशाख विकत आणून कपाटात घडी करून ठेवणारी मंडळीही माझ्या ओळखीत थोडी नाहीत. सायकल चालवावी अशी इच्छा आहे, पाय धड आहेत, डॉक्टरांनीही व्यायाम सांगितला आहे. अडते ते एवढ्यावरच की, ‘हे घालून गल्लीतून बाहेर कसे पडावयाचे?’ या संकोचाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम हा पोशाख असा का, हे पाहू. सायकलीवर बसलेल्या माणसाचा बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो. पायांचे फेरे मिनिटाला ऐंशी धरले, तरी तासाला ४,८०० वेळा मांडी बैठकीच्या कडेला घासते. साध्या विजारीच्या चार शिवणी नेमक्या याच जागी एकत्र येतात. तास-दीड तासात तेथील कातडी सोलवटते, आणि दुसऱ्या दिवशी सायकलीकडे पाहवतही नाही. म्हणून सायकलीच्या विजारीत त्या जागी शिवण ठेवीत नाहीत. तेथे एक मऊ गादी बसविलेली असते. पूर्वी ही गादी मऊ कमावलेल्या चामड्याची असे आणि विजार लोकरीची असे. घामाने व पावसाने ती ओघळून खाली लोंबे. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने स्पँडेक्स नावाचा ताणला जाणारा धागा तयार केला. ‘लायक्रा’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. आजची घट्ट विजार याच धाग्याच्या जोरावर जागच्या जागी राहते. ती सैल असती, तर आतील गादी सरकली असती आणि तिचा उपयोगच उरला नसता. सदऱ्याचे कारण वेगळे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. सैल सदरा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि स्वाराला मागे ओढतो. खिसे पाठीवर असण्याचे कारण असे की, पुढे वाकलेल्या माणसाच्या पुढच्या खिशातील वस्तू रस्त्यावर पडतात. मंडईत भाजी आणावयास जाणाऱ्यास यांतले काहीएक नको, हेही येथेच सांगून टाकतो.

म्हणजे हा वेष नटण्याकरिता नाही; तो कामाचा वेष आहे. मग त्याची लाज का वाटावी? आपल्याकडे पैलवान तालमीत लंगोट लावून उतरतो. भोवती शेकडो माणसे बसलेली असतात. त्यालाही संकोच वाटत नाही आणि पाहणाऱ्यांसही वाटत नाही. त्याच पैलवानास त्याच लंगोटावर बाजारपेठेतून जावयास सांगितले, तर तो जाणार नाही. वस्त्राची योग्यता त्याच्या लांबी-रुंदीवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती जागेवर अवलंबून असते. पैलवानाला तालमीच्या भिंती आहेत, पोहणाऱ्याला तलावाचा काठ आहे. सायकलस्वाराचा आखाडा मात्र सार्वजनिक रस्ता हाच आहे. दूधवाला, शाळेत जाणारी मुले, देवदर्शनास निघालेल्या आजीबाई, हे सर्व त्याच्या आखाड्यातूनच ये-जा करीत असतात. त्याच्या संकोचाचे मूळ येथे आहे.

हा संकोच आजचा नव्हे. सायकलीचा प्रसार जोरात होत होता त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, इंग्लंडात यावरून मोठा गदारोळ उडाला होता. तेथील स्त्रियांचे घोळदार लांब झगे चाकात व साखळीत अडकत. म्हणून काही धीट स्त्रियांनी गुडघ्याखाली आवळलेल्या सैल विजारी घालावयास आरंभ केला. १८९३ मध्ये ब्रायटन येथील टेसी रेनॉल्ड्स या सोळा वर्षांच्या मुलीने लंडनपर्यंत जाऊन परत येण्याचा, सुमारे १९० किलोमीटरांचा प्रवास साडेआठ तासांत केला. आज एखाद्या कसलेल्या तरुणालाही हे अंतर सोपे नाही. पण वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती तिच्या दमाची नव्हे, तर तिच्या विजारीची! पुढे १८९८ च्या ऑक्टोबरात लेडी हार्बर्टन या सरे परगण्यातील ऑकहॅम गावी एका हॉटेलात असाच वेष करून जेवावयास गेल्या. मालकिणीने त्यांस मुख्य दालनात बसू दिले नाही. मद्यपींच्या खोलीकडे बोट दाखविले. सायकलस्वारांच्या संघाने फिर्याद केली. १८९९ मध्ये निकाल लागला तो मालकिणीच्या बाजूने. न्यायालयात हार झाली, तरी रस्त्यावर ती चाल पुढे रूढ होत गेली.

या वादात एक गमतीची गोष्ट घडली. पोशाख बदलावयास समाज तयार होईना, तेव्हा कारखानदारांनी यंत्रच बदलले. बायकांच्या सायकलीचा मधला दांडा खाली वाकविला, मागच्या चाकावर जाळी बसविली, साखळीला झाकण घातले. आपल्याकडील ‘लेडीज सायकल’ ही त्याच तडजोडीची वारस होय. वास्तविक आपल्या नऊवारीला कासोटा असल्यामुळे ती मुळातच दुभागलेली आहे. सायकलीच्या दृष्टीने त्या झग्यांपेक्षा ती पुष्कळच सोयीची म्हटली पाहिजे.

पुरुषांची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. इंग्लंडात रस्त्यावरील शर्यतींना विरोध होऊ लागला, तेव्हा त्या बंद पडू नयेत म्हणून एक युक्ती निघाली. १८९५ पासून बिडलेक नावाच्या सायकलपटूच्या पुढाकाराने स्वारांना एकत्र न सोडता ठराविक अंतराने एकेकटे सोडण्यात येऊ लागले. शर्यत भल्या पहाटे होई, मार्गाचे नाव उघड केले जात नसे, आणि स्वाराने गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावे असा दंडक होता. हेतू हा की, तो कोणाच्या नजरेत येऊ नये. हा काळा वेष पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. लोकांच्या डोळ्यांची भीती माणसाला काळोखात आणि काळ्या कपड्यांत नेते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आजही तेच घडते. माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका तालुक्याच्या गावी राहतात. रक्तातील साखर वाढल्यामुळे त्यांनी सायकल घेतली, मुलाने शहरातून हा पोशाखही आणून दिला. बाई तो घालतात. पण वर यजमानांचा गर्द निळा स्वेटर चढवून पहाटे साडेचारला बाहेर पडतात आणि नळाला पाणी येण्यापूर्वी, म्हणजे आळीतील बायका दारात येण्यापूर्वी, घरी परततात. त्या रस्त्यावर उसाच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर चालतात, आणि त्यांच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असतोच असे नाही. बाईंना लाज वाचविल्यासारखे वाटते. मला मात्र त्यांच्या जिवाची धास्ती वाटते.

ही धास्ती निराधार नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे जोॲन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री मोटार चालविणाऱ्यांवर एक प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार चालकांनी शंभरांत दोन वेळाच ओळखला. दिवसा झळकणाऱ्या भडक रंगाच्या जाकिटाने हा आकडा पंधरापर्यंत गेला. कारण तो रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर झळकतो आणि रात्री निस्तेज पडतो. प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्यांच्या जाकिटाने तो पन्नास झाला, आणि त्याच पट्ट्या घोट्यांवर व गुडघ्यांवरही बांधल्या तेव्हा नव्वद. वर-खाली होणारे पाय दिसले की, समोर माणूस आहे हे चालकाच्या मनाला तत्काळ समजते. संकोचापायी आपण जी वस्तू टाळतो, ती अनेकदा अशी जीव वाचविणारी असते.

आता लोक खरोखर किती पाहतात, हा प्रश्न. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याला एका गायकाचे मोठे चित्र छापलेला, घालावयास लाज वाटेल असा सदरा घालावयास लावून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठविले. ‘किती जणांनी चित्र ओळखले असेल?’ असे विचारता त्याने जवळजवळ निम्मे सांगितले. प्रत्यक्षात ते ओळखले होते सुमारे चौथाईने. आपण आपल्या स्वतःकडे अहोरात्र पाहत असतो, म्हणून जगही तसेच पाहत असेल असे आपणांस वाटते. जगाला मात्र आपापली कामे असतात.

तथापि या प्रयोगाचा आधार घेऊन ‘सारे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे मला पटत नाही. विद्यापीठातील खोली वेगळी आणि आपल्या गावचा पार वेगळा. पारावर माणसे पाहतात, बोलतात, आणि स्त्री असेल तर अधिक बोलतात. ढेरी सुटलेल्या पुरुषाला थट्टा सोसावी लागते, तर स्त्रीला टवाळीबरोबर कधी पाठलागाचीही भीती असते. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. बाईंना ‘धीट व्हा’ असा उपदेश करणे सोपे. पारावरच्या मंडळींस गप्प करणे अवघड, आणि नेमके तेच काम आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांचे आहे. सोबत हाही मोठा उपाय आहे. एकटीचा वेष चमत्कारिक ठरतो, चौघींचा तोच वेष गणवेश समजला जातो.

ज्यांस घट्ट विजार उघडपणे घालणे नकोच वाटते, त्यांनी ती घालू नये. गादी असलेली आतील विजार स्वतंत्र मिळते. तिच्यावर साधी आखूड चड्डी किंवा सैल पँट चढविली की काम भागते. पँटचा उजवा पाय घोट्यापाशी पट्टीने बांधावा, कारण साखळी त्याच बाजूला असते. ओढणी मात्र सायकलीवर मुळीच नको. ती चाकात गुंतून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. वाटेत देवळात जावयाचे असेल किंवा कोणाकडे चहाला थांबावयाचे असेल, तर पाठीच्या खिशात एक पातळ लुंगी घडी करून ठेवावी. ती वर गुंडाळली की यजमानांसही अवघडल्यासारखे होत नाही. गादीच्या विजारीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालू नये. घातल्यास शिवणी पुन्हा तेथेच येतात. प्रत्येक फेरीनंतर ती धुवावी, उलटी करून वाळवावी, आणि ओलसर राहिली असेल तर दुसऱ्या दिवशी घालू नये. घातल्यास पुळ्या उठतात.