राष्ट्रपती 'आपला' आहे, म्हणजे नेमका कोणाचा?

जुलै 2022 मधल्या एका रविवारी ठाकुर्लीतल्या आमच्या विहारात वंदना झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून कोणी घरी जायला निघाले नव्हते. तेवढ्यात अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "18 तारखेला आपल्याला सुट्टी आहे का? राष्ट्रपतीचे मतदान आहे ना?" सगळे हसले. पण त्याला नीट उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा हसणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांची पंचाईत झाली. मतदान कोण करते, एका मताची किंमत किती, आपल्या बाजूने कोण मत टाकणार, हे धडपणे कोणालाच सांगता येईना. आणि त्याच वेळी आमच्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश येत होते. एकात 'वंचितांची कन्या राष्ट्रपती होणार, जयभीम' असे होते, दुसऱ्यात मंदिर झाडणाऱ्या द्रौपदी मुर्मू यांचा व्हिडिओ आणि त्याखाली टोमणे. हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि ते संदेश पुढे ढकलणाऱ्या आम्हा सगळ्यांसाठीही.

आधी हिशेब. राष्ट्रपती निवडतात ते लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. विधान परिषदेचे आमदार नाहीत, नामनियुक्त सदस्यही नाहीत. आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख 12 हजार 235 होती. तिला 288 ने भागा, मग 1,000 ने भागा, उत्तर येते 175. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत 208, गोव्याच्या आमदाराचे 20, सिक्कीमच्या आमदाराचे 7. खासदाराच्या मताची किंमत 2022 मध्ये 700 होती. त्याच्या आधीच्या वेळी ती 708 होती, पण 2022 मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, म्हणून ती घसरली.

आमचा कल्याण लोकसभा मतदारसंघ घ्या. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा असे सहा आमदार आणि एक खासदार. सहा गुणिले 175 म्हणजे 1,050, अधिक 700. एकूण 1,750. 2022 च्या निवडणुकीत देशभरातल्या 10 लाख 86 हजार 431 पैकी एवढे वजन आपल्या पट्ट्याच्या नावावर होते. त्यातली पाच माणसे तेव्हा भाजप किंवा शिंदे गटाची होती, एक मनसेचे, एक राष्ट्रवादीचे. शिवसेना नेमकी कोणाची हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता, पण 12 जुलै 2022 ला उद्धव ठाकरे यांनीही मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. म्हणजे पक्ष दोन झाले तरी उमेदवार एकच!

यात आम्हाला एक गोष्ट खटकते. 1971 साली अख्ख्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 23 लाखांच्या आत होती. 2011 मध्ये, पालघर वेगळा होण्याआधी, ती 1 कोटी 10 लाखांच्या वर गेली. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून येऊन या चाळींत आणि रेल्वेच्या क्वार्टरांत राहिलेली आपली माणसे या हिशेबात धरलेलीच नाहीत. 2011 चा आकडा घेतला तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मत 390 होईल. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा नको म्हणून 1976 मध्ये हा आकडा गोठवला, 2001 मध्ये ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कारण पटण्यासारखे आहे. तरी ठाकुर्लीच्या फलाटावर सकाळी आठची स्लो लोकल पकडताना '1971 ची लोकसंख्या' हा शब्द विनोदी वाटतो.

मग आपण थेट मत का देत नाही? हा प्रश्न घटना समितीतही आला होता. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने राष्ट्रपती निवडावा अशी दुरुस्ती मांडली होती. डिसेंबर 1948 मध्ये बाबासाहेबांनी तिला विरोध केला. मतदारांची संख्या अवाढव्य, तेवढी यंत्रणा उभी करणे अवघड, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राष्ट्रपतीच्या हातात प्रत्यक्ष राज्यकारभार नाही. तो राष्ट्राचा प्रमुख, सरकारचा नव्हे. ज्याच्या हाती कारभार नाही त्याला कोट्यवधी लोकांनी थेट निवडायचे, तर उद्या तो पंतप्रधानाशी बरोबरी करू लागेल. आम्हाला हा युक्तिवाद आजही पटतो.

पण याचा अर्थ राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का, असा नाही. तुमच्या घरातला जातीचा दाखला काढून बघा. त्यावर संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 चा उल्लेख असतो. हा आदेश कलम 341 खाली राष्ट्रपतींनी काढलेला आहे. त्याच आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असे ठरवले, 1956 मध्ये शिखांना सामावून घेतले, आणि आपल्याला, म्हणजे बौद्धांना, 1990 पर्यंत केंद्राच्या सवलतींबाहेर ठेवले. दीक्षा घेतलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीने केंद्र सरकारच्या नोकरीच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, यावर रात्री जागवल्या आहेत. राष्ट्रपती हा शब्द आपल्या घरात पाठ्यपुस्तकाच्याही आधी दाखल्यावरून आलेला आहे.

त्या पदाचा खरा अधिकार एका छोट्या कृतीत आहे. ती कृती म्हणजे परत पाठवणे. कलम 111 प्रमाणे राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात, कलम 74 प्रमाणे मंत्रिमंडळाचा सल्लाही एकदा परत पाठवू शकतात. पुन्हा तेच आले तर मान्य करावे लागते. 2006 मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाचे विधेयक परत पाठवले, संसदेने ते पुन्हा मंजूर केले, त्यांनी सही केली. मग उपयोग काय झाला? एवढाच की काही आठवडे सगळ्या देशाने ते विधेयक वाचले.

म्हणून 'कोणाचा माणूस' यापेक्षा 'याने आयुष्यात काय परत पाठवले' हे विचारले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे. हे मत एका दिवसात झालेले नाही. त्यामागे 25 वर्षे आहेत.

11 जुलै 1997, शुक्रवार. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. सोमवारी, 14 जुलैला, राष्ट्रपतीपदाचे मतदान होते आणि उमेदवार होते के. आर. नारायणन, केरळच्या एका दलित झोपडीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंत गेलेले. काँग्रेसपासून भाजपपर्यंत बहुतेक सगळे त्यांच्या मागे होते. विरोधात टी. एन. शेषन, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. नारायणन यांना 95 टक्के मते मिळाली. आमच्यातले जे तेव्हा तरुण होते त्यांना तो आठवडा अजून आठवतो. देशाला पहिला दलित राष्ट्रपती मिळाला याचे पेढे वाटायचे की शोकसभेला जायचे, हे कळत नव्हते. बहुतेकांनी दोन्ही केले.

पण नारायणन यांनी त्या पदाचे काय केले ते पाहा. तीन महिन्यांत, ऑक्टोबर 1997 मध्ये, उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची केंद्राची शिफारस त्यांनी परत पाठवली. वर्षभराने बिहारची परत पाठवली. वरच्या न्यायालयांत न्यायाधीश नेमताना अनुसूचित जाती-जमातींचा आणि स्त्रियांचा विचार व्हावा, असे त्यांनी फाइलवर लिहिले. वाजपेयी सरकार संविधानाच्या फेरआढाव्याची भाषा करत होते तेव्हा जानेवारी 2000 मध्ये सेंट्रल हॉलमध्ये त्यांनी विचारले की संविधान आपल्याला कमी पडले की आपणच संविधानाला कमी पडलो. सरकार समोर बसलेले होते.

2017 मध्ये तर दोन्ही उमेदवार दलित होते, रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार. रोहित वेमुलाला दीड वर्ष झाले होते, उनाला एक वर्ष. त्या निवडणुकीत आमच्या विहारातच दोन तट पडले होते. मीरा कुमार यांनी एक मार्मिक मुद्दा मांडला होता. उच्च जातीचे उमेदवार लढायचे तेव्हा त्यांच्या जातीची चर्चा होत नव्हती, आत्ताच का होते? कोविंद 65 टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकले. सप्टेंबरमध्ये ते दीक्षाभूमीवर आले, फेब्रुवारी 2022 मध्ये मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावीही गेले. त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर डिसेंबर 2019 मध्ये सही झाली, तीन कृषी कायद्यांवर सप्टेंबर 2020 मध्ये झाली, आर्थिक निकषावरच्या दहा टक्के आरक्षणावर संसदेने मंजूर केल्यावर तीन दिवसांत झाली. यातला एक कागद तरी परत गेला असता तर? मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अत्याचार प्रतिबंधक कायदा सैल केला. तो पूर्ववत झाला 2 एप्रिलच्या भारत बंदमुळे, रस्त्यावर उतरलेल्या आणि जीव गमावलेल्या माणसांमुळे.

आता 2022 चा प्रचार. प्रचार तरी कसला, उमेदवार राजधान्यांमध्ये जाऊन आमदार-खासदारांना भेटतात. 14 जुलै 2022 ला मुर्मू मुंबईत येऊन गेल्या. विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा रोज सांगत होते की मी रबर स्टँप होणार नाही. बोलत होते ते योग्यच. पण दोन दशकांहून अधिक काळ भाजपमध्ये राहून अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री झालेला माणूस विरोधकांना या 'विचारधारेच्या लढाई'साठी सापडावा, यातच त्यांची गरिबी दिसते. देशभरात एकही दलित, आदिवासी, भटका-विमुक्त माणूस त्यांच्या यादीत शेवटपर्यंत टिकला नाही.

मुर्मू यांच्या बाजूने जे सांगितले जाते ते सगळे जन्माबद्दल आहे. मयूरभंज जिल्हा, संथाळ समाज, कारकून, शिक्षिका, नगरसेविका. जे सांगितले जात नाही ते त्यांच्या कामाबद्दल आहे, आणि ते आम्हाला जास्त मोलाचे वाटते. झारखंडच्या राज्यपाल असताना, 2017 मध्ये, छोटा नागपूर आणि संथाळ परगणा कूळ कायद्यांतल्या दुरुस्त्या त्यांनी परत पाठवल्या. आदिवासींची शेतजमीन बिगरशेती कामाला वापरता यावी असा त्या दुरुस्त्यांचा रोख होता. सरकार भाजपचेच होते. यात आदिवासींचा फायदा काय, असे त्यांनी विचारले आणि सरकारला दुरुस्त्या मागे घ्याव्या लागल्या. ही गोष्ट त्यांचा पक्ष पोस्टरवर लावत नाही. मंदिर झाडल्याचा व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरतो. आपल्यातले काही जण त्या व्हिडिओची टिंगल करतात, त्यांना आमचे सांगणे आहे की ती टिंगल थांबवा. झाडू हातात घेतलेल्या बाईला हसणे आपल्याला शोभत नाही.

पण याच प्रचाराच्या दिवसांत, 28 जून 2022 ला, केंद्राने नवे वनसंवर्धन नियम काढले. जंगलाची जमीन प्रकल्पाला देण्याची केंद्राची मंजुरी त्या नियमांप्रमाणे वनहक्कांची पूर्तता होण्याआधीच मिळू शकणार होती, ती पूर्तता पुढे राज्याने बघायची. आपल्या शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांना याचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नाही. मुर्मू यांना यावर काय वाटते? 2017 मध्ये ज्यांनी नेमका हाच प्रश्न राज्य सरकारला विचारला होता, त्यांनी यावर बोलावे अशी अपेक्षा करणे चूक होती का?

बाळासाहेब आंबेडकरांनी सिन्हा यांना माघार घेण्याचे आवाहन केले. अनुसूचित जाती-जमातींचे लोकप्रतिनिधी पक्ष ओलांडून मुर्मू यांच्या मागे आहेत, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्हाला हे पटत नाही. आजवर फक्त नीलम संजीव रेड्डी 1977 मध्ये बिनविरोध निवडून आले. लढत नसेल तर प्रश्न विचारायची जी थोडीफार संधी आहे तीही जाते. निकाल जवळपास ठरलेला होता हे आम्हालाही दिसत होते. बिजू जनता दल आणि वायएसआर काँग्रेस आल्यावर आकडेमोड संपलीच.

पुणे करारानंतर बाबासाहेब पुन्हा पुन्हा सांगत होते की दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला आपला प्रतिनिधी त्या दुसऱ्यांनाच उत्तर देतो. आपल्याच लोकसभा मतदारसंघात अंबरनाथची जागा राखीव आहे. तिथल्या आमदारांनी जून 2022 मध्ये सुरत-गुवाहाटीचा प्रवास कोणाला विचारून केला? राष्ट्रपतीचेही तसेच आहे. त्यांना निवडणाऱ्या मतदारांत आपण नाही. पण त्या सात मतदारांना आपणच निवडतो, आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, मतदान गुप्त असते. म्हणजे 'पक्षाचा आदेश होता' ही सबब तिथे चालत नाही.

म्हणून त्या पावसातच आम्ही एक पत्र लिहिले. सातही जणांना एकच मजकूर. तुम्ही ज्यांना मत देणार आहात त्यांनी आजवर सत्तेचा कोणता कागद परत पाठवला आहे, आणि उद्या अनुसूचित जाती-जमातींच्या हक्कांना धक्का लावणारे विधेयक आले तर त्या उमेदवाराकडून तुमची काय अपेक्षा आहे? अक्षर त्या अकरावीतल्या मुलाचे आहे, कारण त्याचेच चांगले आहे. पत्रे टपालात पडली आहेत. उत्तरे आली की इथेच छापू.