यंत्रांची बोली : तोरणमाळचा एक अनुभव

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तिथे पावरी बोलीतल्या कथांचे चित्रमुद्रण करायला मी गेलो होतो. पण माझा जुना लॅपटॉप, एका कंपनीचा राउटर आणि दुसरीचा वायरलेस कॅमेरा एकमेकांशी बोलेनात. कथा सांगणारे आजोबा तासभर थांबले, थकले आणि उठून गेले.

उलगडा रात्री झाला. कॅमेऱ्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय कळत होते. राउटर ५ वर लावलेला होता. ते बदलले, तर कॅमेऱ्याचे अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय चित्र दाखवेना, आणि डोंगरात रेंज बेभरवशाची. सुदैवाने कॅमेऱ्यात ‘आरटीएसपी’ ही १९९८ साली प्रसिद्ध झालेली खुली पद्धत होती. तिच्यामुळे इंटरनेटशिवायच, राउटरमार्गे, चित्र लॅपटॉपवरच्या व्हीएलसीत उघडले. तरी ते अडखळत होते. एच.२६५ पद्धतीने दाबून पाठवलेले चित्र उलगडणे जुन्या लॅपटॉपला झेपत नव्हते. कॅमेऱ्यात एच.२६४ निवडताच ते सुरळीत झाले.

अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या स्पर्धक कंपन्यांनी २००८ मध्ये ‘ऑनव्हिफ’ ही संस्था स्थापली, ती कॅमेऱ्यांना सामाईक भाषा मिळावी म्हणूनच. म्हणून कॅमेरा घेताना मेगापिक्सेलआधी ‘ऑनव्हिफ’ आणि ‘आरटीएसपी’ ही नावे शोधावीत. आणि जुळणी आदल्या रात्रीच करून पाहावी.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. कालची कथा मात्र त्यांनी सांगितली नाही.