सोयाबीनची पेरणी : पंचांग परभणीचेच हवे

सोयाबीनच्या कोवळ्या हिरव्या शेंगा उकडून खाण्याची पद्धत मूळची चीन-जपानकडची. जपानी भाषेत त्यांना ‘एदामामे’ म्हणतात. थंड देशांत या पिकाची पेरणी वसंतातील शेवटचे दव गोठून गेल्यावर, जमीन उबदार झाली की करतात. मात्र तेथील तारखा परभणीस लागू पडत नाहीत. येथे पेरणीचा मुहूर्त प्रामुख्याने पाऊस ठरवतो.

मृग नक्षत्र लागले की पेरणीची घाई सुरू होते. परंतु 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल मुरल्याखेरीज पेरू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पहिल्याच सरीवर पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर कोवळे अंकुर माना टाकतात. मग दुबार पेरणी अटळ ठरते. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च पुन्हा अंगावर येतो. उलट फार उशीरही परवडत नाही. सोयाबीन हे लहान दिवसांचे पीक आहे. दिवस लहान होऊ लागले की झाड पुरेसे वाढण्याआधीच फुलावर येते आणि शेंगा कमी लागतात. म्हणूनच जुलैच्या मध्यानंतरची पेरणी टाळावी.

थंडीचा हिशेब मांडावा लागतो तो उन्हाळी सोयाबीनसाठी. मराठवाड्यात बीजोत्पादनाकरिता हे पीक घेतले जाते. परभणीचे किमान तापमान काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेले आहे. पारा दहा अंशांखाली असता उगवण रखडते. पेरणी फार लांबली, तर फुले व शेंगा एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात. त्यामुळे डिसेंबरअखेर ते जानेवारी हाच काळ उरतो. त्यातही थंडीची लाट ओसरल्यावर, आणि पाण्याची खात्री असेल तरच पेरावे.

हिरव्या शेंगांसाठी काढणीचीही वेळ साधावी लागते. दाणे भरलेले, पण शेंग पिवळी न पडलेली, अशी अवस्था थोडेच दिवस टिकते. खरिपात जूनअखेर पेरलेल्या पिकात ती साधारणतः सप्टेंबरमध्ये येते. एकाच दिवशी सारे क्षेत्र पेरण्याऐवजी आठवड्याच्या अंतराने दोन-तीन टप्पे केल्यास ताज्या शेंगा अधिक दिवस मिळू शकतात. मात्र शेवटचा टप्पाही जुलैच्या मध्यापूर्वीच आटोपला पाहिजे.