दैनिक जैवलय आणि रोगप्रतिकारशक्ती

दैनिक जैवलय म्हणजे सुमारे चोवीस तासांच्या आवर्तनाने शरीरात घडणारे नियमित चढउतार होत. झोप, भूक व शरीराचे तापमान यांप्रमाणेच रोगप्रतिकारशक्तीही या लयीने बांधलेली असते.

यंत्रणा

मुख्य जैविक घड्याळ मेंदूच्या अधश्चेतक या भागात असून डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने ते रोज जुळवले जाते. हे घड्याळ चालविणाऱ्या जनुकांवरील संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

श्वेतपेशींतही अशीच घड्याळे असतात. कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटेपासून वाढू लागते आणि दाह आवरते. रात्री ते उतरते, तेव्हा दाहकारक द्रव्यांचा जोर वाढतो. दम्याची धाप पहाटे लागणे आणि आमवाताच्या रुग्णाचे सांधे सकाळी आखडणे यांमागे हे एक कारण आहे. रक्तातील लसिकापेशी रात्री अधिक व दिवसा कमी आढळतात. दिवसा त्या नष्ट होत नाहीत, तर अस्थिमज्जा व इतर ऊतींकडे वळतात.

रात्रपाळी

छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे रात्रपाळी येथे अनेक घरांच्या परिचयाची आहे. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. त्यामुळे आठवड्याने पाळी बदलल्यास ते जुळण्यापूर्वीच पुन्हा विस्कटते. दिवसाची झोप अपुरी पडते, जेवण अवेळी होते आणि प्रतिकारयंत्रणेच्या लयी परस्परांशी विसंगत होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्ककारक' या गटात ठेवले. याचा अर्थ प्रत्येक कामगाराला हा रोग होतो असा नव्हे.

शहराचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे सात अंश पश्चिमेस आहे. परिणामी येथील माध्यान्ह घड्याळातील बारानंतर सरासरी अर्ध्या तासाने येते, आणि शरीर सूर्याचेच ऐकते.

लसीकरणाची वेळ

इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील २७६ व्यक्तींवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इन्फ्लुएन्झाची लस सकाळी घेणाऱ्यांत विषाणूच्या तीनपैकी दोन प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे अधिक तयार झाली. इतर लसींबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. केवळ वेळेसाठी लस लांबणीवर टाकणे अयोग्य ठरते.

परजीवींची लय

हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच त्वचेलगतच्या रक्तात येतात. म्हणून नांदेड, लातूर आदी जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी रक्तनमुने रात्री घेतात. रुग्णाची झोप दिवसा नेल्यास ही लयही काही दिवसांत उलटते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले होते.