मेगापिक्सेल मोजून फोटो चांगला येत नाही

पौष पौर्णिमेला कोल्हार भगवतीपूरला देवीची यात्रा भरते, तेव्हा गर्दीत मोबाइलबरोबर खिशात मावणारे जुने डिजिटल कॅमेरेही दिसू लागतील अशी चिन्हं आहेत. 2010 साली जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांतले बहुतेक असेच छोटे होते. मोबाइल आला आणि ते कपाटात गेले. आता कॉलेजची मुलं तेच शोधून काढतायत, सेकंड हँड विकत घेतायत. खुशाल घ्यावेत. पण त्यांच्याबद्दल ज्या गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि त्यापायी पैसे वाया जातात.

पहिली समजूत मेगापिक्सेलची. "सोळाचा आहे, म्हणजे बाराच्या वरचढ." तसं नसतं. आपण स्टुडिओतून 4 बाय 6 इंचाचा फोटो काढून आणतो, त्याला 1200 गुणिले 1800, म्हणजे जेमतेम 22 लाख पिक्सेल लागतात. सव्वादोन मेगापिक्सेलच्या आत काम भागतं. ए-फोर आकाराचा फोटो फ्रेम करायचा तरी नऊ मेगापिक्सेल पुरतात. मग फरक पडतो कशानं? सेन्सरनं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीनं. साध्या छोट्या कॅमेऱ्यात ती साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटरची असते, करंगळीच्या नखाहूनही लहान. तेवढ्याशा जागेत पिक्सेल वाढवणं म्हणजे एकाच वाफ्यात कांद्याची रोपं दाट लावण्यासारखं आहे. रोपं जास्त दिसतात, कांदा बारीक राहतो. एकेका पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि संध्याकाळ झाली की फोटोत रवाळ दाणे दिसायला लागतात.

याच हिशेबानं दुसरी समजूतही कोसळते. "कॅमेरा तो कॅमेरा, मोबाइलला त्याची सर नाही." त्या साध्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस मिलिमीटर. आजच्या वरच्या श्रेणीतल्या बऱ्याच मोबाइलचा मुख्य सेन्सर याच्या दुपटीहून मोठा आहे, शिवाय मोबाइल एका दमात अनेक फोटो घेऊन ते एकत्र जुळवतो. अंधारात तोच जिंकणार. सगळे छोटे कॅमेरे मात्र एका माळेचे नाहीत. सोनीनं 2012 मध्ये आणलेल्या आरएक्स 100 मध्ये 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा सेन्सर होता, म्हणजे साध्याच्या चौपट. विकत घेताना पुठ्ठ्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा सोडा, सेन्सरचा आकार विचारा.

छोट्या कॅमेऱ्याचं खरं बळ झूममध्ये आहे. लेन्स बाहेर सरकून जवळ आणते तो खरा झूम. त्यापुढचा डिजिटल झूम म्हणजे फोटोचा तुकडा कापून मोठा करणं, ते घरी येऊनही करता येतं. खऱ्या झूमचीही किंमत असते. बऱ्याच मॉडेलांत लेन्स पूर्ण ताणली की तिचं तोंड एफ 2.8 वरून एफ 5.9 पर्यंत अरुंद होतं आणि आत येणारा प्रकाश पावपट होतो. दुपारी देवळाचा कळस टिपायला हे चालतं. रात्री झूम मिटवावा आणि चार पावलं पुढं जावं.

आणि फ्लॅश! यात सगळ्यांत जास्त घोळ होतो. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरांपलीकडे कामाचा नसतो. लांबून रोषणाईवर तो उडवला तर पुढच्या माणसाचं डोकं पांढरंफटक येतं आणि मागचं देऊळ काळं. फ्लॅश बंद करायचा, कॅमेरा प्रवरा नदीच्या घाटाच्या कठड्यावर टेकवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. टायमर अशासाठी की बटण दाबतानाचा हाताचा हिसका निघून जातो. एवढं केलं तर जुन्या कॅमेऱ्यातूनही दिव्यांचे फोटो सुरेख येतात.

फ्लॅशनं काढलेल्या यात्रेच्या फोटोंत कधी कधी पांढुरके, पारदर्शक गोळे तरंगताना दिसतात. पुष्कळांना त्यात देवीचा साक्षात्कार वाटतो, कुणाला भुताटकी. ते हवेतल्या धुळीचे, धुराचे कण असतात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे लेन्ससमोर वीतभर अंतरावरचा कण उजळतो आणि फोकसमध्ये नसल्यानं फुगून गोल दिसतो. डोळे लाल येतात तेही फ्लॅश लेन्सजवळ असल्यामुळेच. त्याच जागी फ्लॅश बंद करून फोटो काढा, गोळे नाहीसे होतात. भगवतीवरच्या श्रद्धेला यानं काही उणेपणा येत नाही.

"फोटो फाटतोय, कॅमेरा भिकार आहे" ही तक्रार बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची असते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवतं. फ्लेक्सवाल्याला किंवा स्टुडिओला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर कार्डच नेऊन द्यावं.

शेतीच्या कामाला हा कॅमेरा उपयोगी पडेल का? पेरूच्या बागेतले, फळांवरच्या डागांचे जवळून फोटो काढून कृषी सहायकाला दाखवायला जरूर, फुलाचं चिन्ह असलेला मोड लावून. पण 2021 पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीला तो चालणार नाही. तिथं फोटो मोबाइलच्या अ‍ॅपमधूनच, जागेच्या नोंदीसह घ्यावा लागतो. शिवाय जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस उतरलेली राहिली की तारीख पुसली जाते. नुकसानीचे फोटो काढण्याआधी तारीख नीट लावून घ्यावी, नाहीतर गारपीट भलत्याच वर्षी झाल्याचं फोटो सांगेल.

"लेन्स आपोआप मिटते, धूळ आत जाणार कशी?" अशीच जाते. लेन्स पुढं सरकते तेव्हा फटींतून हवा आत ओढली जाते, आणि उसाच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्यालगतची हवा कशी असते हे इथं कुणाला सांगायला नको. ही धूळ कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणून जुना कॅमेरा घेताना दुकानाबाहेर या, झूम पूर्ण ताणा, मोकळ्या आभाळाचे तीन-चार फोटो वेगवेगळ्या दिशांना काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका दिसला तर धूळ सेन्सरवर बसली आहे. किंमत कितीही उतरवली तरी तो कॅमेरा परत ठेवावा.